साल्हेरला जाताय? मग मोरोपंतांना भेटा!

दोस्तांनो, सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत बाइकवरून साल्हेरला कधीतरी गेलाच असाल. उंची १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला! परशुराम मंदिरापाशी सेल्फी झाला, पलीकडे गुजरातचं डांगही दिसलं. पण या गडासाठी लढलेल्या मोरोपंत पिंगळ्यांबद्दल काय माहितीये तुम्हाला?

पेशवा म्हटलं की आपल्याला बाजीरावच आठवतो. मोरोपंत त्याच्या कितीतरी आधीचे, थेट शिवाजी महाराजांचे पेशवे. प्रतापगड बांधून घ्यायचं काम महाराजांनी त्यांच्यावरच सोपवलं होतं. कारभार सांभाळणारा हा माणूस वेळ आली की फौज घेऊन मोहिमेवरही निघायचा. १६७० मध्ये त्यांनी आपल्या नाशिकजवळचा त्र्यंबकगड जिंकला. १६७१ च्या सुरुवातीला साल्हेरही स्वराज्यात आला.

साल्हेर म्हणजे सीमेवरचा पहारेकरी. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारी व्यापाराची वाट याच बागलाणातून जायची. मुघल तो सुखासुखी सोडतील कसे? त्यांनी गडाला वेढा घातला. मग एका बाजूने सरसेनापती प्रतापराव गुजर आणि दुसऱ्या बाजूने मोरोपंत चालून आले. १६७२ च्या त्या लढाईत सूर्यराव काकड्यांसारखा मोहरा पडला, पण मुघल सेनानी इखलासखान हाती लागला आणि वेढा उठला. मुघलांना समोरासमोर, उघड्या मैदानात हरवण्याचा मराठ्यांचा हा पहिला मोठा विजय.

१६७४ च्या राज्याभिषेकात मोरोपंत अष्टप्रधानांतले मुख्य प्रधान झाले. १६८० मध्ये महाराज गेले आणि वारसाच्या वादात या मुरब्बी माणसाचा अंदाज चुकला. अण्णाजी दत्तोंसोबत ते संभाजीराजांच्या विरोधात गेले. हंबीरराव मोहित्यांनी दोघांनाही पकडलं. पुढे संभाजीराजांनी मोरोपंतांना माफ केलं, आणि त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा निळोपंत पेशवा झाला.

म्हणून काय साल्हेरचा विजय पुसायचा? की साल्हेरसाठी ती चूक झाकायची? दोन्ही नको. माणूस पूर्ण वाचायचा असतो, गडासारखाच. नुसता माथा गाठला म्हणजे गड कळत नाही.

२०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे १२ किल्ले निवडले, त्यात आपला साल्हेरही आहे. पुढच्या वेळी वर पोचलात की सेल्फीच्या आधी जरा खाली बघा. याच मुलखात एका कारभाऱ्याने मैदान मारलं होतं.