सपाट चमच्याची शिस्त

एक कप मैदा आणि एक कप साखर यांचे आकारमान सारखे असते, वजन मात्र नाही. ही साधी गोष्ट घरोघरच्या स्वयंपाकघरात रुजवण्याचे मोठे श्रेय फॅनी फार्मर या अमेरिकी पाकशिक्षिकेला जाते.

फॅनीचा जन्म 1857 साली बोस्टनमध्ये झाला. शाळेत हुशार असलेल्या या मुलीला सोळाव्या वर्षी पक्षाघाताने गाठले. हा पोलिओ असावा, असेही म्हटले जाते. काही वर्षे तिला चालता येत नव्हते. पुढे ती चालू लागली, पण पायातला अधूपणा कायम राहिला. कॉलेजचे शिक्षण राहूनच गेले. घरी स्वयंपाकात मन रमू लागले आणि तिशीच्या सुमारास तिने बोस्टनच्या पाकशाळेत नाव घातले. 1889 मध्ये ती उत्तीर्ण झाली आणि काही वर्षांतच त्याच शाळेची प्रमुख झाली.

त्या काळच्या पाककृतींत अंड्याएवढे लोणी, चहाचा पेला भरून पीठ, शीग लावून चमचा अशी मापे सर्रास असत. अनुभवी हाताला ती पुरत, नवशिक्या हाताचा मात्र पदार्थ बिघडे. फॅनीबाईंनी 1896 साली आपले पाकपुस्तक काढले. खपाची खात्री नसल्याने प्रकाशकाने त्यांच्याच खर्चाने 3000 प्रती छापल्या. पुढे ते पुस्तक लाखोंनी खपले.

त्यात त्यांनी अर्धा पिंट, म्हणजे सुमारे 237 मिलिलिटरचा कप धरला. पीठ चाळून घ्यायचे, चमच्याने कपात हलकेच भरायचे, कप हलवायचा-ठोकायचा नाही आणि वरची शीग सुरीने उतरवायची. मैद्याचे असे 4 कप म्हणजे एक पौंड. लोण्याचे किंवा साखरेचे मात्र 2 कपच एक पौंड भरतात, असे त्यांचे कोष्टक सांगते. एक पौंड म्हणजे 454 ग्रॅम. म्हणजे मैद्याचा कप सुमारे 113 ग्रॅम आणि लोण्याचा 227 ग्रॅम. पिठाच्या कणांमध्ये हवा असते. कप ठोकला की ती निघून जाते आणि त्याच कपात जास्त पीठ बसते. म्हणून भरण्याची रीत ठरल्याशिवाय मापाला अर्थ नाही.

1902 मध्ये त्यांनी स्वतःची पाकशाळा काढली. दीर्घ आजार भोगलेल्या फॅनीबाईंचा ओढा रुग्णांच्या आहाराकडे होता. 1904 साली त्यांनी आजारी माणसांच्या आहारावर पुस्तक लिहिले. त्यात मधुमेहींसाठीही प्रकरण होते. परिचारिकांना त्या शिकवत आणि हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातही त्यांनी व्याख्याने दिली. शेवटची काही वर्षे चाकाच्या खुर्चीत बसूनही शिकवणे सुटले नाही. 15 जानेवारी 1915 रोजी, वयाच्या 57 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचा सपाट चमचा आजही जीव वाचवतो. जुलाबात ओआरएसचे पाकीट मिळाले नाही, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालतात. इथे छोटा चमचा 5 मिलिलिटरचा. मिठाला शीग लागली, तर लहान मुलाच्या रक्तात सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली किंवा पाणी पोटात टिकेना, तर लगेच दवाखाना गाठावा.

रोजच्या जेवणातही हेच लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे; म्हणजे एक सपाट छोटा चमचाही नाही. मधुमेहींनी भाताची वाटी मोजताना ती वाटी केवढी आहे, हे एकदा पाणी ओतून मोजून पाहावे. घरोघरच्या वाट्या सारख्या नसतात, आणि पथ्य वाटीच्या नावावर नाही, तिच्यात मावणाऱ्या भातावर अवलंबून असते.