बादशाह खान आणि पख्तुनांचा तिसरा पर्याय

खान अब्दुल गफार खान हे नाव आपण पाठ्यपुस्तकात सरहद्द गांधी म्हणून वाचलेले असते. गांधीजींच्या शेजारी उभा असलेला उंच पठाण एवढेच चित्र त्यामुळे डोळ्यांसमोर राहते. परंतु १९४७ नंतर हे गृहस्थ चाळीस वर्षे जगले, आणि त्यातील कितीतरी वर्षे पाकिस्तानात सरकारविरोधी राजकारण करीत तुरुंगात काढली, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

जन्म १८९० चा, पेशावर जिल्ह्यातील उत्मानझई गावी. वडील बेहराम खान जमीनदार. शिक्षण पेशावरच्या मिशन शाळेत झाले. इंग्रजी फौजेत अधिकारी होण्याची संधी चालून आली होती. पण एका देशी अधिकाऱ्याचा गोऱ्याने केलेला पाणउतारा त्यांनी डोळ्यांदेखत पाहिला आणि ती वाट सोडली. थोरले बंधू डॉ. खानसाहेब विलायतेला गेलेले. दुसऱ्यानेही जावे हे आईला कबूल होईना. ते मुलखातच राहिले आणि १९१० पासून शाळा काढण्याच्या मागे लागले.

१९२१ साली उत्मानझईत त्यांनी आझाद मदरसा सुरू केला. इंग्रज अधिकाऱ्याने वडिलांमार्फत निरोप धाडला की मुलाने हा नाद सोडून घरी स्वस्थ बसावे. तेव्हा त्यांनी वडिलांनाच विचारले, की उद्या सरकारने नमाज सोडायला सांगितली तर ती सोडायची काय? तालीम देणे हेही तसेच फर्ज आहे. वडिलांना ते पटले. वर्षअखेर मुलाला तीन वर्षांची कैद झाली. शाळा काढल्याबद्दल कैद! आज फीसाठी कुरकुर करणाऱ्या आम्हा पालकांनी हे एकदा मुलांना अवश्य सांगावे.

पुढे १९२८ मध्ये ‘पख्तून’ हे पश्तो मासिक निघाले, त्यातून मुलींच्या शिक्षणाचाही पुरस्कार झाला. १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार संघटना उभी राहिली. सूड ही जेथे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, त्या मुलखात सूड न घेण्याची शपथ हजारोंनी घेतली. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला, तरी ती शपथ टिकली. १९३४ मध्ये सरहद्द प्रांतात प्रवेशबंदी असल्याने ते वर्ध्यास येऊन राहिले. मुंबईतील एका भाषणाबद्दल तेथेच त्यांना पकडण्यात आले.

मग १९४७ साल उजाडले. वर्षभरापूर्वीच्या निवडणुकीत प्रांतातील ५० पैकी ३० जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या आणि डॉ. खानसाहेब मुख्यमंत्री होते. तरीही फाळणीच्या योजनेत या प्रांतासाठी सार्वमत ठरले, आणि काँग्रेसने ते मान्य केले. बादशाह खानांना हा विश्वासघात वाटला. सार्वमताचा प्रश्न एवढाच होता, भारत की पाकिस्तान. २१ जूनला बन्नू येथे त्यांच्या सहकाऱ्यांनी पख्तुनिस्तान हा तिसरा पर्याय मागितला. तो नाकारला गेला, तेव्हा त्यांनी बहिष्कार पुकारला. पाकिस्तानच्या बाजूने २,८९,२४४ मते पडली, भारताच्या बाजूने २,८७४. एकूण मतदार ५,७२,७९८. म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक लोकांनी पाकिस्तानला कौल दिला.

लीगला मत देणारेही पठाणच होते आणि ते मनापासून देत होते, हे विसरून चालणार नाही. जी निवड कागदावरच नव्हती तिच्यासाठी मत तरी कसे टाकणार, ही बादशाह खानांची अडचणही खरी होती. तरी मला बहिष्कार ही चूकच वाटते. घरी बसलेल्यांचे म्हणणे काय होते, हे त्या आकड्यांतून कोणालाच सिद्ध करता आले नाही, आणि त्याची किंमत त्यांनी जन्मभर मोजली.

२३ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांनी पाकिस्तानच्या संविधान सभेत निष्ठेची शपथ घेतली. पख्तुनिस्तान म्हणजे वेगळे राष्ट्र नव्हे. बंगाली, सिंधी, पंजाबी यांच्या प्रांतांना त्यांची नावे आहेत, तसे आमच्या प्रांतालाही नाव आणि स्वतःचा कारभार हवा, असे त्यांनी सभेत समजावून सांगितले. चार महिन्यांत ते तुरुंगात गेले, ते १९५४ पर्यंत. १९५५ मध्ये पश्चिम पाकिस्तानातील सारे प्रांत मोडून एकच प्रांत करण्यात आला. त्याविरुद्ध ते उभे राहिले, आणि त्या नव्या प्रांताचे पहिले मुख्यमंत्री झाले त्यांचेच बंधू डॉ. खानसाहेब! १९५७ मध्ये बादशाह खान बंगालचे मौलाना भाशानी, सिंधचे जी. एम. सय्यद यांच्यासह नॅशनल अवामी पक्षात सामील झाले. पुन्हा अटक झाली. १९६४ पासून काही वर्षे ते काबूलमध्ये राहिले. अफगाण सरकार पख्तुनिस्तानचा प्रश्न आपल्या सोयीने वापरीत असे, त्यामुळे विरोधकांना त्यांना देशद्रोही म्हणणे सोपे गेले. तो एकत्रित प्रांत १९७० साली मोडला. ते १९७२ अखेर परतले.

२० जानेवारी १९८८ रोजी पेशावर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन अफगाणिस्तानातील जलालाबादला झाले. २०१० मध्ये घटनादुरुस्ती होऊन प्रांताला खैबर पख्तुनख्वा हे नाव मिळाले. त्या वेळी याच प्रांताच्या हजारा भागातील हिंदको बोलणारे लोक या नावाविरुद्ध रस्त्यावर आले होते, आणि त्यांनी स्वतःचा वेगळा प्रांत मागितला.