कै. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा राजीनामा

कै. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा जन्म १८५० साली पुण्यास झाला. १८७२ मध्ये बी. ए. होऊन ते शिक्षक झाले व पुढे सरकारी नोकरीत रत्नागिरीस बदलून गेले. ती चाकरी त्यांच्या मानी स्वभावास जाचत होती. परंतु काळ बिकट होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळले होते, आणि १८७८ मध्येच वडील कृष्णशास्त्री निवर्तले. अशा वेळी बांधलेला पगार सोडणे अविचाराचे वाटावे. तरीही १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

तो लहरीचा निर्णय नव्हता, असे आम्हांस वाटते. १८७४ पासून ‘निबंधमाला’ चालवून त्यांनी आपली लेखणी व आपला वाचक पारखून घेतला होता. १८८० च्या आरंभी टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’. आणि १८८२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, शास्त्रीबोवांचा देहान्त झाला.

नोकरीस विटलेल्या आमच्या ज्ञातीतील तरुणांस आम्ही एवढेच सुचवितो: पुढचे पाऊल टेकण्यास जागा आधी सिद्ध करावी, ती झाल्यावर मात्र अनुकूल काळाची वाट पाहत बसू नये. हाती वर्षे किती उरली, हे कोणासच ठाऊक नसते.