मोगलीचे लेखक : रुडयार्ड किपलिंग

लांडग्यांनी वाढवलेला मोगली आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याला जन्म देणारे लेखक रुडयार्ड किपलिंग हे इंग्रज होते, पण त्यांचा जन्म मात्र आपल्या मुंबईचा! ३० डिसेंबर १८६५ रोजी ते जन्मले. त्यांचे वडील मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते.

लहानगा रुडयार्ड दाई व नोकरांच्या अंगाखांद्यावर वाढला. त्यांच्याकडून तो गोष्टी ऐके. इंग्रजीपेक्षा त्याला हिंदुस्थानी बोलीच जास्त सोपी वाटे. पण हे सुख फार दिवस टिकलं नाही. १८७१ साली आईवडिलांनी त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडला नेलं, एका अनोळखी कुटुंबात ठेवलं आणि ते हिंदुस्थानात परतले. तेव्हा रुडयार्ड सहाही वर्षांचा नव्हता. घरची बाई कडक होती. तिथे त्याला फार मार बसे, बोलणी खावी लागत. त्याची दृष्टी अधू झाली होती, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. अशी जवळजवळ सहा वर्षं गेली. शेवटी १८७७ साली आई आली, तेव्हा सुटका झाली.

शाळा संपवून १८८२ साली ते मुंबई बंदरात उतरले, आणि काय आश्चर्य! लहानपणीची विसरलेली वाक्यं आपोआप तोंडात आली. पुढे लाहोरच्या वर्तमानपत्रात त्यांनी काम केलं, कथा लिहिल्या. १८८९ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. १८९२ साली लग्न करून ते अमेरिकेत राहू लागले. बाहेर बर्फ साचलेलं असताना त्यांनी आपल्याकडचं तापलेलं जंगल कागदावर उतरवलं. ‘जंगल बुक’ १८९४ साली आणि त्याचा दुसरा भाग १८९५ साली निघाला.

त्यातलं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं आहे. तिथलं पेंचचं जंगल आपल्या नागपूर जिल्ह्यातही पसरलेलं आहे, बरं का! बाळू अस्वल आणि बघीरा बिबळ्या मोगलीवर माया करतात. तरी एके दिवशी लांडग्यांचा कळप त्याला घालवून देतो. तो गावात जातो, तर गावकरी त्याला दगड मारतात. जंगल आपलं की गाव आपलं, हा मोगलीचा प्रश्न आहे. लहानपणी घर तुटलेल्या लेखकालाच तो सुचणार!

किपलिंग यांनी यंत्रांनाही बोलतं केलं. रोबो हा शब्द १९२० साली कारेल चापेक यांच्या नाटकातून आला. त्याच्याही आधी किपलिंग यांच्या एका गोष्टीत नवं कोरं रेल्वे इंजिन शेडमध्ये येतं. जुनी इंजिनं त्याला हसतात. रात्री एका मालगाडीला अपघात होतो, तेव्हा ते मदतीला धावतं आणि मग सगळे त्याला आपल्यात घेतात. दुसऱ्या गोष्टीत नव्या जहाजाचे खिळे, पत्रे, तुळया आपसांत भांडतात. वादळात एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकतात, तेव्हा कुठे त्यांचं एक जहाज होतं.

१९०७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला साहित्याचं नोबेल मिळण्याची ती पहिलीच वेळ. पण घरात दुःख होतं. १८९९ साली थोरली मुलगी न्यूमोनियाने गेली, १९१५ साली एकुलता मुलगा महायुद्धात मारला गेला. १८ जानेवारी १९३६ रोजी किपलिंग वारले.

इंग्रजांनी आपल्यावर राज्य करावं, असं त्यांचं मत होतं. ते आपल्याला पटणार नाही, आणि पटूही नये. पण घराला पारख्या झालेल्या मुलाचं मन त्यांनी ओळखलं, हेही तितकंच खरं. आपल्या वर्गातही कधी ऊसतोडीहून परतलेला, कधी दुसऱ्या गावाहून आलेला एखादा मुलगा किंवा मुलगी मागच्या ओळीत गप्प बसते. त्यांना हसू नका. सरकून बाकावर जागा द्या.