पहाऱ्यातील नाताळ : संत गोन्सालो गार्सिया

आमच्या चिखल्याहून समुद्राच्या काठाकाठाने दक्षिणेस गेले असता वसई लागते. तेथे १५५७ च्या सुमारास संत गोन्सालो गार्सिया जन्मास आले. पिता पोर्तुगीज, माता ह्याच भूमीची. येशूसंघाच्या धर्मगुरूंजवळ शिकून ते कोवळ्या वयातच जपानास गेले, तेथील भाषेत निष्णात झाले आणि आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी इच्छा होती. ती पुरी झाली नाही. मग त्यांनी व्यापार धरला. जगाच्या हिशेबाने गोष्ट येथेच संपावयाची! परंतु मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांस साधे धर्मबंधू म्हणून स्वीकारले, आणि १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांचे दुभाषी होऊन ते पुन्हा जपानास आले.

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नामक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर रुतले, आणि त्या प्रकरणातून राज्यकर्ता हिदेयोशी ह्याचा संशय भडकला. डिसेंबरात फ्रान्सिस्कनांच्या घरांभोवती पहारे बसले. आगमनकाळ चालू होता. नाताळही बंदिवासातच उजाडला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. नाताळात आपण आशा म्हणतो, तेव्हा दुखणे हटावे, चिकूला भाव यावा, मुलास नोकरी लागावी, असेच काही मनात असते. ह्या इच्छा वाईट नव्हेत. परंतु त्या बंदिवानांस सुटका मिळाली नाही, म्हणून का त्यांची आशा फसली? गव्हाणीत निजलेला प्रभू स्वतःच त्यांची आशा होता, आणि तो त्यांच्याजवळच होता. नाताळास लागूनच, २८ डिसेंबरास, हेरोदाने मारविलेल्या निष्पाप बालकांचा सण पवित्र धर्मसभेने ठेवला आहे, तो उगाच नव्हे.

३ जानेवारी १५९७ रोजी बंदिवानांचे डावे कान छेदण्यात आले. पुढे ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत सुमारे महिन्याची वाट. एकूण सव्वीस जण, त्यांत वीस जपानी. लहानगा लुई अवघा बारा वर्षांचा. ५ फेब्रुवारीस, नाताळानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, सर्वांस क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले.

८ जून १८६२ रोजी पोपमहाराज नववे पायस ह्यांनी त्यांस संतपद दिले. नागासाकीत ह्याच सव्वीस जणांच्या नावे चर्च उभे राहिले, आणि मार्च १८६५ मध्ये तेथे काही गरीब खेडूत दबकत आले. ते पिढ्यान्‌पिढ्या लपून राहिलेले ख्रिस्ती होते. दोनशेहून अधिक वर्षे त्यांस धर्मगुरू नव्हता. तरी दर हिवाळ्यात ते प्रभूचा जन्मदिन पाळीत आले होते.