गोष्ट पुन्हा सांगणाऱ्या बोमोंबाई

आठवी ते दहावीच्या मुलींच्या दप्तरांत अलीकडे एका ठरावीक प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्या दिसतात. सिंड्रेला, हिमगौरी, झोपलेली राजकन्या यांच्या त्याच जुन्या गोष्टी. पण आता नायिका सोळा-सतरा वर्षांची, स्वतःच्या डोक्याने चालणारी, आणि कथेच्या मध्यभागी तिचे प्रेम. पालकसभेत याविषयी काळजीचा सूर निघतो. परीकथा लहान मुलांच्या, प्रेमकथा मोठ्यांच्या, मग ही मधलीच भेसळ कुठून आली, असा साधारण रोख असतो. ही भेसळ नवी नाही. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका शाळामास्तरणीने ती पूर्ण विचारांती केली होती. या अंकात त्यांचीच ओळख करून देत आहोत.

त्यांचे नाव जान-मारी लप्रँस द बोमों. नाव अवघड आहे. पण ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, म्हणजे सुंदरी आणि पशूची गोष्ट ज्या रूपात जगभर सांगितली जाते, ते रूप त्यांनी दिलेले. आपल्या शाळेत शिकवणाऱ्या सर्वच स्त्रियांना मुले ‘बाई’ म्हणतात. आम्हीही त्यांना बोमोंबाई म्हणणार आहोत.

बोमोंबाईंचा जन्म फ्रान्समधील रुआँ या शहरात २६ एप्रिल १७११ रोजी झाला. वडील शिल्पकाम आणि चित्रकाम करीत. आई लहानपणीच वारली. शिक्षण झाले ते जवळच्या एर्नमों येथील नन्सच्या मठात. हा मठ मुलींना शिकवून शिक्षिका तयार करणारा होता आणि बोमोंबाईंनीही तरुणपणाची काही वर्षे तेथे शिकवण्यात घालवली. पुढे नन होण्याचा मार्ग सोडून त्या लोरेन प्रांतात ल्युनेव्हिलच्या दरबाराच्या आश्रयाला गेल्या. संगीत त्यांना चांगले येत असे. ‘द बोमों’ हे नाव त्यांना लग्नाने मिळाले, पण संसार टिकला नाही. पदरी एक मुलगी होती आणि पोट भरायला हातात विद्या होती.

१७४८ साली क्वाये नावाच्या एका धर्मगुरूने एक उपहासलेख लिहिला. पुरुष हळूहळू बायकांसारखे होत चालले आहेत, अशी त्यातली चेष्टा. बोमोंबाईंनी छापील उत्तर देऊन स्त्रियांची बाजू मांडली. त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी निघाली. तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. लेखनाला उशिरा सुरुवात झाली खरी, पण नंतर त्यांच्या नावावर सुमारे ७० खंड जमा झाले.

त्यानंतर त्या लंडनला गेल्या. तेथील बड्या घराण्यांत मुलींना फ्रेंच येणे आवश्यक समजले जाई आणि त्यासाठी घरी शिक्षिका ठेवली जाई. बोमोंबाईंनी हे काम पत्करले. त्यांच्या शिष्यांपैकी सोफिया कार्टरेट ही पुढे लॉर्ड शेलबर्न यांची पत्नी झाली. शेलबर्न १७८२ मध्ये इंग्लंडचे पंतप्रधान होते. शिकवता शिकवता बाईंनी १७५० पासून काही काळ एक फ्रेंच मासिकही चालवले. परमुलखात राहून आपल्या भाषेत शिकवायचे, आपल्या भाषेत नियतकालिक काढायचे आणि वर्गणीदार गोळा करायचे, हे काय काम असते ते बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्या शाळांना निराळे सांगायला नको.

मुलींना वाचायला देण्याजोगी पुस्तके मात्र मिळेनात. फ्रेंच परीकथा पुष्कळ होत्या, पण त्या पॅरिसच्या दिवाणखान्यांत प्रौढ स्त्री-पुरुषांनी एकमेकांना सांगितलेल्या. भाषा नटवी, वाक्ये लांबलचक, मजकूर मुलींच्या समजेपलीकडचा. मग त्यांनी स्वतःच पुस्तक लिहिले. १७५६ साली लंडनमध्ये ‘मागाझँ देझांफां’ प्रसिद्ध झाले. ‘मागाझँ’ म्हणजे कोठार. हा शब्द मुळात अरबी. आपला ‘खजिना’ त्याच धातूपासून आलेला, आणि इंग्रजीतले मॅगझीनही तेच. तेव्हा पुस्तकाच्या नावाचा अर्थ मुलांचा खजिना असा लावायला हरकत नाही.

पुस्तकाची रचना साधी आहे. एक शहाणी शिक्षिका आणि पाच ते तेरा वर्षांच्या तिच्या विद्यार्थिनी यांची संभाषणे. मुलींची नावेच त्यांचे स्वभाव सांगणारी: एक समंजस, एक चलाख, एक वादळासारखी तापट. शिक्षिका त्यांना बायबलातील कथा सांगते, भूगोल शिकवते, किड्यामुंग्यांची माहिती देते आणि अधूनमधून परीकथा सांगते. गोष्ट संपली की मुली तिच्यावर बोलतात. तापट मुलगीही बोलते. धडा पाठ करून म्हणून दाखवायचा, ही त्या काळची रीत. येथे मुलींनी मत द्यायचे आहे आणि ते का, हेही सांगायचे आहे.

सुंदरी आणि पशूची गोष्ट या पुस्तकात आहे. ती बोमोंबाईंना सुचलेली नव्हे. १७४० साली गाब्रिएल-स्युझान द व्हिलनव्ह या लेखिकेने ती प्रथम छापली. ती शेकडो पानांची, मोठ्यांसाठी लिहिलेली कथा होती. व्हिलनव्हबाईंच्या व्यापाऱ्याला सहा मुलगे आणि सहा मुली. कथेत स्वप्ने, पऱ्यांची भांडणे, राजघराण्यांचे गुंतागुंतीचे नातेसंबंध. आणि शेवटी कळते की सुंदरी व्यापाऱ्याची मुलगी नसून एका राजाची आणि परीची कन्या आहे. बोमोंबाईंनी बारा मुलांची सहा केली, पऱ्यांचा पाल्हाळ काढून टाकला आणि सारी कथा थोड्या पानांत बसवली. त्यांची सुंदरी शेवटपर्यंत व्यापाऱ्याचीच मुलगी राहते. तिची योग्यता ठरायला गुपित राजरक्ताची गरज त्यांना वाटली नाही.

सर्वांत महत्त्वाचा बदल एका प्रश्नात आहे. व्हिलनव्हबाईंचा पशू रोज रात्री सुंदरीला शय्येविषयी विचारतो. शाळेच्या पत्रिकेत आम्ही याहून अधिक लिहीत नाही. बोमोंबाईंचा पशू विचारतो ते लग्नाविषयी. सुंदरी नकार देते. तो उसासा टाकून निघून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवणाच्या वेळी येतो, तिच्याशी बोलतो, पुन्हा विचारतो, पुन्हा नकार ऐकतो. असे तीन महिने चालते. नकाराबद्दल तिला एकदाही शिक्षा होत नाही. तिचे जेवण बंद होत नाही, पुस्तकांच्या खोलीला कुलूप लागत नाही.

हो, पुस्तकांची खोली. सुंदरीला महालात पहिल्याच दिवशी जे पाहून धीर येतो ते दागिने नव्हेत. पुस्तकांनी भरलेले मोठे दालन, एक वाद्य आणि संगीताच्या वह्या. वाचणारी, गाणारी मुलगी एकटेपणात खचत नाही हे मठात वाढलेल्या संगीतशिक्षिकेला ठाऊक असावे. १९९१ च्या डिस्नेच्या चित्रपटातली पुस्तकवेडी बेल आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्या वाचनवेडाचे बीज येथे दिसते.

तो प्रश्न बोमोंबाईंना इतका महत्त्वाचा का वाटला असेल? त्यांच्या विद्यार्थिनी कोण होत्या ते पाहावे. त्या सरदार-उमरावांच्या मुली. जमीन, पदवी आणि हुंडा यांचा हिशेब मांडून त्यांची लग्ने जुळवली जात. इंग्लंडमध्ये १७५३ साली विवाहाचा नवा कायदा झाला आणि एकवीस वर्षांखालच्यांना वडिलांच्या किंवा पालकांच्या संमतीवाचून लग्न करणे फार कठीण झाले. तीन वर्षांनी हे पुस्तक आले. ज्या मुलींना लवकरच एका अनोळखी पुरुषाच्या घरी पाठवले जाणार होते, त्यांना ही गोष्ट सांगितली जात होती. अनोळखी घर, भीतिदायक यजमान आणि परत येण्याची खात्री नाही, ही अवस्था त्यांच्या दृष्टीने काल्पनिक नव्हती.

आपल्याकडेही याच जातीची कथा आहे. पंचतंत्राच्या एका जुन्या पाठात ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेल्या सर्पाशी एका मुलीचे लग्न लावले जाते. तो रात्री कात टाकून तरुण होतो आणि बाप ती कात जाळून टाकतो. तिथली मुलगी लग्नाला उभी राहते ती वडिलांनी शब्द दिला म्हणून. बोमोंबाईंची सुंदरी निघते तेव्हा वडील तिला अडवत असतात. पशूकडे जाण्याचा निर्णय तिचा आणि त्याच्याशी लग्न करण्याचा निर्णयही तिचाच. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून नववीच्या वर्गात चर्चा घ्यावी, असे आम्ही मराठीच्या शिक्षकांना सुचवतो.

सुंदरीच्या बहिणींचा भागही पाहण्यासारखा आहे. एकीचा नवरा अतिशय देखणा, पण दिवसभर स्वतःच्याच रूपात रमलेला. दुसरीचा अतिशय बुद्धिमान, पण ती बुद्धी सगळ्यांना, आणि सर्वांत आधी बायकोला, घायाळ करण्यात खर्च होणारी. माहेरी आलेली सुंदरी हे संसार पाहते आणि मग पशूचा विचार करते. फ्रेंचमध्ये ‘बेत’ या शब्दाचा अर्थ जनावर असा आहे तसाच मंदबुद्धी असाही. तेव्हा हा पशू रूपानेही बेताचा आणि बोलण्यातही. त्याच्याजवळ आहे तो चांगुलपणा. सुंदरी ठरवते की नवऱ्यात तेच हवे. प्रेमकथेत नायिका इतका शांतपणे हिशेब मांडते हे आजच्या वाचकाला कोरडे वाटेल. पण बाईंना मुलींना भुलायला शिकवायचे नव्हते, पारखायला शिकवायचे होते.

या कथेवर आक्षेप आहेत आणि ते आम्हांला खोटे वाटत नाहीत. मुलींनी कसाही नवरा सोसून घ्यावा, तो एक दिवस राजपुत्र होईल, असा तिचा अर्थ काढता येतो आणि अनेकींच्या वाट्याला तो आलाही असेल. बहिणींना शेवटी दगडी पुतळे करून, आतून जागे ठेवून, सुंदरीचे सुख बघत उभे केले आहे. ही शिक्षा आम्हांला क्रूर वाटते. १९७८ साली अमेरिकन लेखिका रॉबिन मॅकिन्ली यांनी ‘ब्यूटी’ ही किशोरवयीनांसाठीची कादंबरी लिहिली तेव्हा त्यांनी बहिणींना प्रेमळ केले, नायिकेला दिसायला साधारण केले आणि पशूच्या ग्रंथालयात अजून लिहिलीच न गेलेली पुस्तके ठेवली. बाईंनी व्हिलनव्हबाईंच्या कथेचे जे केले तेच मॅकिन्ली यांनी बाईंच्या कथेचे केले. मुलींच्या दप्तरांतली बरीच पुस्तके याच वाटेने आलेली आहेत.

आणखी एक गोष्ट लपवण्यासारखी नाही. बोमोंबाईंनी आपल्या पुस्तकात व्हिलनव्हबाईंचे नाव दिले नाही. त्या काळी तशी प्रथा नव्हती, हे खरे. पण व्हिलनव्हबाई डिसेंबर १७५५ मध्ये वारल्या, पुढच्याच वर्षी ही छोटी आवृत्ती आली आणि पाहता पाहता मूळ कथा विस्मरणात गेली. निबंध लिहिताना कुठून काय घेतले ते लिहा, असे आपण मुलांना सांगतो. बाईंच्या चाहत्यांनीही ही नोंद ठेवावी.

‘मागाझँ देझांफां’ १७५७ मध्येच इंग्रजीत आले आणि पुढे युरोपातल्या इतर भाषांतही गेले. बाई तेथे थांबल्या नाहीत. पहिल्या पुस्तकातल्या मुली मोठ्या होत होत्या, म्हणून १७६० साली ‘मागाझँ देझादोलेसांत’ काढले, ते पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी. १७६४ साली समाजात पाऊल टाकणाऱ्या आणि लग्न होणाऱ्या तरुणींसाठी आणखी एक पुस्तक लिहिले. किशोरवयीन वाचक हा निराळा वर्ग आहे हे प्रकाशकांनी विसाव्या शतकात ओळखले असे म्हणतात. बोमोंबाईंनी त्या वयाचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच घातले होते. १७६२ साली रूसोचे ‘एमिल’ आले. त्यातल्या सोफीला पुरुषाला आवडेल असे वाढवायचे आहे. बाईंच्या पुस्तकांतल्या मुली त्याच सुमारास तर्काने वाद घालायला शिकत होत्या.

१७६० नंतरच्या काही वर्षांतच त्यांनी इंग्लंड सोडले आणि आल्प्सच्या पायथ्याशी, साव्हॉय प्रांतातील आनसी शहराजवळ शाव्हानो येथे घर घेतले. धर्म, शिक्षण, गरीब आणि खेड्यातले लोक यांच्यासाठी त्यांचे लिखाण चालूच राहिले. मुलीचा संसार झाला, नातवंडे झाली. त्याच वंशात पुढे प्रोस्पेर मेरिमे जन्मला. ज्या ‘कारमेन’वर बिझेने ऑपेरा रचला ती १८४५ सालची कथा त्याची. सुंदरीला रोज विचारणारा पशू पणजीने लिहिला आणि कारमेनचा नकार सहन न होऊन तिला ठार मारणारा सैनिक पणतूने.