जाक द वोकान्सों

फ्रान्समधील ग्रनोब्ल या नगरात १७०९ साली हातमोजे तयार करणाऱ्या एका कारागिराच्या घरी जाक द वोकान्सों याचा जन्म झाला. यंत्रांचे वेड त्याला बालपणापासूनच होते.

वाद्य वाजविणाऱ्या बाहुल्या त्या काळी नव्या नव्हत्या. परंतु पुष्कळ बाहुल्यांच्या आत वाद्याची पेटी दडविलेली असे आणि बाहुली केवळ हात हलविण्याचे सोंग करी. वोकान्सोंला हे सोंग नको होते. आपल्या पुतळ्याने स्वतः फुंकर घालून खरीखुरी बासरी वाजवावी, असा त्याचा हट्ट होता.

काम सोपे नव्हते. फुंकर किती जोराची, ओठ किती विलग, जीभ केव्हा आड यावी, यांवर बासरीचा सूर अवलंबून असतो. वोकान्सोंने माणसाएवढ्या उंचीच्या पुतळ्याला नऊ भाते जोडले. तीन भात्यांवर जड वजने होती, तीनांवर हलकी आणि उरलेल्या तीनांवर मुळीच नव्हती. त्यामुळे फुंकर तीव्र, मध्यम वा मंद होई. खुंट्या बसविलेले एक नळकांडे सावकाश फिरे आणि पंधरा तरफा हलवी. त्यांपैकी सात बोटांसाठी, तीन वाऱ्यासाठी, चार ओठांसाठी व एक जिभेसाठी होती. छिद्रे घट्ट झाकली जावीत म्हणून बोटांच्या टोकांना त्याने मऊ चामडे लावले. हातमोजे करणाऱ्याच्या मुलाला हे सुचावे, यात नवल ते काय!

१७३८ साली पॅरिसमध्ये हा पुतळा लोकांपुढे आला. तो बारा गती वाजवी. प्रथम अनेकांचा विश्वास बसेना. पण विज्ञान अकादमीच्या पंडितांनी तो तपासून वाखाणला.

१७४१ साली रेशमी विणकामाच्या उद्योगावर वोकान्सोंची निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. तेथे मात्र त्याच्या वाट्याला कौतुक आले नाही. नव्या नियमांनी आपली भाकरी जाईल या भीतीने १७४४ साली ल्यों येथील विणकर खवळले. त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. त्यांनी वोकान्सोंवर दगडफेक केली व त्याला शहर सोडावे लागले. तरीही पुढच्याच वर्षी त्याने आपोआप नक्षी विणणारा माग सिद्ध केला. बासरीवाल्याच्या नळकांड्याचेच तत्त्व त्यात निराळ्या रूपाने अवतरले होते. त्याच्या हयातीत तो माग फारसा कोणी वापरला नाही.

१७८२ साली वोकान्सों मरण पावला. पुढे जाकार नावाच्या कारागिराने त्या मागाचा अभ्यास केला आणि छिद्रांच्या पत्त्यांवर चालणारा आपला प्रसिद्ध माग बनविला. वोकान्सोंचा माग पॅरिसच्या संग्रहालयात जतन केलेला आहे; बासरीवाला मात्र कायमचा नाहीसा झाला.